वर्दी निरंक

येळवसेला दहाच्या आत निलंगा रिकामं होतं.
टमटम, ट्रॅक्टर, मोटारसायकलवर चौघं
आणि मधल्याच्या मांडीत आंबिलीची बिंदगी.
सगळे शेताला, कडब्याच्या कोपीला, भज्जीला.
मागं कुलपं राहतात, कुत्री राहतात,
आणि अग्निशमनचा मी, रजा नामंजूर झालेला,
आणि मौलालीमामा.
रिटायर होऊन सहा वर्षं झाली,
तरी या दिवशी खाकी पँट घालून येतो.

त्याला शेत नाही. कधीच नव्हतं.
म्हणून गल्ल्या किल्ल्या त्याच्याकडं देऊन जातात.
सुतळीत ओवलेल्या त्रेचाळीस,
प्रत्येकीला चिंधी: लाल ती बिराजदारांची,
परकराच्या काठाची वकीलबाईंची.
बिनचिंधीची किल्ली कुणाची ते
वासावरून कळतं म्हणतो.
थाप असणार. मी काही बोललो नाही.
"चल," म्हणाला, "पाणी मारायची पाळी येऊ नये
म्हणून हिंडायचं असतंय."

बिराजदारांच्या न्हाणीत हीटरचा रॉड बादलीत,
बटण चालू, लाईट गेलेली.
अंघोळी उरकल्या, पाणी संपलं, माणसं गेली.
"बारा वाजता लाईट येणार," मामा म्हणाला,
"बादली प्लास्टिकची. वर दोरीवर टॉवेल."
बटण बंद. पिन बाहेर. रॉड खुंटीला.
दहा सेकंदसुद्धा लागले नाहीत.

वकीलबाईंची समई तेवत होती
आणि उघड्या खिडकीचा पडदा
थंड वाऱ्यानं फुगून तिच्याकडं झुकत होता.
मी फुंकर घालायला वाकलो.
त्यानं हात धरला.
दुसऱ्याच्या देवाचा दिवा आपण विझवायचा नाही.
पडद्याला गाठ मारली,
परातीत दोन तांबे पाणी ओतलं,
समई मधोमध उभी केली.
ज्योत पाण्यात उलटी दिसायला लागली.

वर माडीवर, कॉलेजच्या पोराच्या गोधडीखाली
चार्जिंगला लावलेला मोबाईल,
तव्यावरून आत्ताच उतरवल्यासारखा.

वाणी गल्लीत एक दार आतून बंद.
गंगाराम शेटे, पाय प्लास्टरमध्ये, म्हणून घरीच.
खाटेखाली शेगडी, खिडक्यांच्या फटीत पेपर कोंबलेले.
किती वेळ कडी वाजवली.
कसाबसा उठून आला, डोळे जड.
मामानं शेगडी अंगणात आणून राख टाकली,
पेपर ओढून काढले.
म्हातारा शिव्या द्यायला लागला,
थंडीनं मारता का रे मला?
"द्या, द्या," मामा म्हणाला. "बोलालाव ना, मग झालं."
त्याच शेगडीवर, अंगणात, तिघांचा चहा झाला.

मामाचा डावा कान वितळलेल्या मेणासारखा आहे.
कुठल्या सालचा, ते मी विचारलं नाही.
इतकंच ऐकलंय, तीही येळवसच होती,
आणि त्या घराची किल्ली
कुणाकडंच नव्हती.

दिवस मावळताना आम्ही गच्चीवर उभे.
चारी बाजूला रानात हेंडगे पेटले.
जोंधळ्याच्या कडेनं, हरभऱ्याच्या बांधानं
माणसं जाळ घेऊन पळत होती, ओरडत होती,
आणि लांबून नुसता जाळच पळताना दिसत होता.
मामा म्हणाला, "तिथं शोभून दिसतोय बघ."

मग लोक परतले, केसात धुराचा वास घेऊन.
चिंध्या ओळखून किल्ल्या नेल्या,
बदल्यात डबे ठेवले: भज्जी, उंडे, खीर.
बिराजदारबाईंनी विचारलं, "काय झालं नाही ना, मामा?"
"काय व्हायलंय?"
रॉडचं तो बोलला नाही.
फक्त म्हणाला, "बादली पत्र्याची घ्या की एखादी."

मी रजिस्टर उघडलं.
वेळ. ठिकाण. कारण. नुकसान.
जी आग लागली नाही तिला रकाना नाही.
बिराजदारांचा टॉवेल कुठं लिहू?
पडद्याची गाठ?
तारीख टाकली, लिहिलं: वर्दी निरंक.
खाली सही केली. बाजूला थोडी जागा सोडली.

रात्री घरी, अंधारात, भिंत चाचपत
न्हाणीतली पिन उपसली.
बायको झोपेतून म्हणाली, "काय करलालाव?"
काही नाही, म्हणालो.